मसाज चेअरवर आखडलेली पाठ मोकळी करताना: बसण्याआधीपासून उठल्यानंतरपर्यंत

मसाज चेअरमुळे मणके सरळ होत नाहीत. दोन मणक्यांमधली सरकलेली गादीही ती जागेवर बसवत नाही. शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर काढण्याचा दावा तर जाहिरातीतच सोडून द्यावा. खुर्ची करते ते काम एकच: मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी उभे गेलेले स्नायू थोड्या वेळापुरते सैल करते. मग उठल्यावर काही काळ पाठ नेहमीपेक्षा सहज वळते, वाकते आणि दुखरेपणा कमी जाणवतो. त्या वेळात तुम्ही चाललात, हललात, तर फायदा टिकतो. उठून पुन्हा तसंच पोक काढून बसलात, तर संध्याकाळपर्यंत पाठीला पूर्वीसारखीच रग लागते. म्हणून या लेखात बटणांइतकंच आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींबद्दल लिहिलं आहे.

पाठीत नेमकं काय आखडतं

पाठीच्या कण्यात हलणारे मणके 24 असतात: मानेत 7, छातीच्या मागे 12 आणि कंबरेत 5. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. बाजूने पाहिलं तर हा कणा सरळ नसतो. मान आणि कंबर आत वळलेली असते, पाठीचा वरचा भाग बाहेर. तासन् तास बसल्यावर कंबरेचा हा आतला बाक सपाट होतो, डोकं पुढे जातं आणि ते डोकं सावरायला मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियस स्नायू सतत थोडा ताणलेला राहतो. कंबरेतल्या उभ्या स्नायूंचंही तेच. जोर फार नसतो, पण विसावा मिळत नाही, आणि रग याचीच लागते.

पाठीच्या मधोमध बोट फिरवलं की टोकदार उंचवटे हाताला लागतात. ती मणक्यांची मागची टोकं. रोलर त्यांच्यावर चालायला नकोत. त्यांच्या दोन्ही बाजूंना जो मांसल उंचवटा आहे तिथे चालायला हवेत. हाडावर ठोके बसत असल्यासारखं वाटलं तर तुमची बसण्याची पद्धत किंवा रोलरची रुंदी चुकली आहे.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कंबर दुखते म्हणून कंबरच रगडायची, हे नेहमी बरोबर नसतं. बसून बसून जांघेतले, म्हणजे मांडी वर उचलणारे स्नायू आखूड होतात, नितंबांचे स्नायू सुस्तावतात आणि त्यांचं काम कंबरेवर येतं. कंबर बिचारी दुसऱ्यांचा भार वाहत असते. जांघेपर्यंत कोणतीच खुर्ची पोचत नाही, त्यामुळे ते काम शेवटी तुम्हालाच करावं लागतं. त्याबद्दल पुढे येईलच.

मसाजला वैद्यकीय आधार कितपत आहे? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत नव्याने उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीला औषधांआधी शेक, मसाज यांसारखे उपाय करून पाहायला सांगितलं आहे. मात्र त्यात शेकाचा पुरावा मसाजपेक्षा भक्कम मानला आहे, आणि तो मसाज माणसाच्या हातांचा आहे, यंत्राचा नव्हे. खुर्चीत शेकाची सोय असेल तर तिला दुय्यम समजू नका.

आधी स्वतःला तपासा

पुढचं काही असेल तर खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: हाडं ठिसूळ झालेली असणं, मणक्याला अलीकडे मार किंवा फ्रॅक्चर, पाठीची शस्त्रक्रिया किंवा आत बसवलेले स्क्रू-सळ्या, पेसमेकर, रक्त पातळ करणारी औषधं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, कर्करोग, गरोदरपण. मधुमेहामुळे पावलांची किंवा पाठीची संवेदना कमी झाली असेल तर शेक बंद ठेवा. चटका बसलेला कळत नाही आणि त्वचा भाजते. ताप असेल, पाठीवर जखम किंवा पुरळ असेल तर त्या दिवशी खुर्ची नको.

काही लक्षणं मात्र खुर्चीची नाहीतच, थेट दवाखान्याची आहेत. जांघांच्या मधल्या भागात, घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकतं तिथे, बधिरपणा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं. पायातली ताकद अचानक कमी होणं. यांपैकी एकही असेल तर उद्याची वाट पाहू नका. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही न थांबणारी वेदना, यांनाही तपासणी हवीच. छातीत दुखून ती कळ पाठीत जात असेल तर तिला स्नायूंचा ताण समजण्याचा धोका पत्करू नका.

उसण भरल्यावर काय? पहिले एक-दोन दिवस, जेव्हा जरा हललं तरी कळ येते, तेव्हा रोलर बंद. हलका शेक आणि पाय वर घेऊन पडून राहणं इतपतच खुर्चीचा उपयोग करा, आणि सोसेल तेवढं घरातल्या घरात चाला.

तुमची खुर्ची काय करू शकते

मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली मसाज चेअर 1954 मध्ये जपानमधल्या ओसाकात नोबुओ फुजिमोतो यांनी बनवली. मूळ कल्पना आजही तीच आहे: पाठीमागे रुळावरून वरखाली फिरणारे रोलर. फरक पडला आहे तो रूळ कुठपर्यंत जातो आणि रोलर किती दिशांनी हलतात यात.

एस ट्रॅक म्हणजे मानेपासून कंबरेपर्यंत, पाठीच्या बाकाप्रमाणे वळणारा रूळ. एल ट्रॅक बैठकीखाली वळून नितंबांपर्यंत जातो. एसएल ट्रॅकमध्ये दोन्ही. दिवसभर बसून काम करणाऱ्याला नितंबांपर्यंत पोचणारा ट्रॅक जास्त उपयोगी, असं माझं मत. टूडी रोलर वरखाली आणि आडवे हलतात. थ्रीडी रोलर पुढेही येतात, म्हणजे ते किती खोल रुतावेत हे ठरवता येतं, आणि ही सोय खरोखर कामाची आहे. फोरडीमध्ये त्यावर वेग आणि लय बदलण्याची भर असते. पाठीला त्यातला फरक जाणवेलच असं नाही. नावात भूमिती जरा जास्तच आहे.

खुर्चीच्या झिरो ग्रॅव्हिटी स्थितीचं नाव आलं अंतराळातून. 1970च्या दशकात नासाच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या मोहिमांत असं दिसलं की वजनरहित अवस्थेत शरीर सैल सोडलं की धड आणि मांडी यांच्यात साधारण 128 अंशांचा कोन आपोआप होतो. खुर्ची त्याच कोनाच्या आसपास तुम्हाला मागे झुकवते आणि पाय हृदयाच्या पातळीला किंवा थोडे वर आणते. वजन काही नाहीसं होत नाही, पण ते कण्यावरून उतरून पाठीच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरतं. शिवाय पाठ टेकल्यामुळे स्नायूंना धरून ठेवण्याचं काम उरत नाही. नुसतं या स्थितीत शेक लावून दहा मिनिटं पडलात तरी अनेकदा पुरतं.

बसण्यापूर्वी

जेवण झाल्या झाल्या बसू नका, तासभर जाऊ द्या. खिशातला फोन, पाकीट, किल्ल्या काढून ठेवा. पट्टा, गळ्यातली साखळी, लटकणारे कानातले काढा. केस लांब असतील तर वर बांधा आणि ओढणी, दोरीवाला हूड, पदर असं काही मागे रोलरच्या बाजूला जाणार नाही हे पाहा. पाठीमागचं कापड फाटलेलं किंवा उसवलेलं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत खुर्ची चालूच करू नका. फिरत्या रोलरमध्ये कपडा किंवा केस गुंतणं हा या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका आहे. पाय ठेवायच्या भागाखाली लहान मूल किंवा मांजर नाही ना, हेही एकदा वाकून बघा. खुर्ची खाली येताना ती जागा बंद होते.

कपडे मऊ आणि सैल, पण फार जाड नकोत. थोडं पाणी पिऊन बसा.

नीट बसणं हे अर्धं काम

नितंब अगदी मागे, बैठक आणि पाठ जिथे मिळते तिथपर्यंत सरकवा. दोन-तीन इंच पुढे बसलं की सगळं गणित बिघडतं: कंबरेसाठीचा रोलर त्रिकास्थीवर आपटतो, खांद्यांसाठीचा पाठीतच थांबतो, आणि मग लोक जोर वाढवतात. पाठ पूर्ण टेकवा, डोकं उशीवर सोडा, हात बाजूच्या आधारावर.

बहुतेक खुर्च्या सुरुवातीला शरीराचा अंदाज घेतात. रोलर एकदा वरपासून खालपर्यंत जाऊन खांद्यांची उंची ओळखतात. त्या वेळी मान वळवणं, फोनकडे पाहणं, पुढे सरकणं टाळा. मग खुर्ची विचारेल की खांद्याची जागा बरोबर आहे का. रोलर खांद्याच्या माथ्यावर, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, हलकेच टेकायला हवा. तो मानेत रुतत असेल तर रिमोटवरून खाली घ्या, पाठीतच थांबत असेल तर वर. याला एक मिनिट लागतं, आणि बटणं धडाधड दाबून सुरू करण्याच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

उंची फार कमी किंवा फार जास्त असेल तर खुर्चीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाहा. ठेंगण्या माणसाने बैठकीवर घट्ट, पातळ उशी ठेवली तर खांदे जागेवर येतात.

पहिलं सत्र, पंधरा मिनिटांचं

आपोआप चालणारे प्रोग्रॅम बहुधा 15 ते 30 मिनिटांचे असतात. सुरुवातीला ते बाजूला ठेवा आणि मॅन्युअल मोड निवडा. आपल्या पाठीला काय मानवतं हे कळल्याशिवाय यंत्राच्या मर्जीवर सोपवू नये.

पहिली तीन-चार मिनिटं फक्त शेक. खुर्ची मागे झुकवा, रोलर बंद. श्वास नाकाने सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जरा लांबवून सोडा. थंड, आखडलेल्या स्नायूवर एकदम रोलर चालवला की तो उलट ताठरतो.

मग तीन मिनिटं रोलिंग, म्हणजे रोलर नुसते वरून खाली आणि खालून वर. जोर सगळ्यात कमी. यात पाठीचा कोणता भाग दुखरा आहे, कुठे एक बाजू दुसरीपेक्षा कडक आहे, हे शांतपणे टिपा.

त्यानंतर पाच-सहा मिनिटं नीडिंग, म्हणजे मळणं. ताणासाठी हाच प्रकार मुख्य. वेग कमीत कमी ठेवा. रोलरची रुंदी मधली निवडा. अरुंद केली तर तो मणक्यांच्या टोकांजवळ येतो. जोर वाढवायचा तर एकेका पायरीने, आणि प्रत्येक पायरीनंतर अर्धा मिनिट थांबून.

स्नायूतली एखादी आवळलेली गाठ फारच जाणवत असेल तर रोलर तिथे थांबवून दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. एका जागी दहा मिनिटं रगडल्याने गाठ विरघळत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे हात लावू देत नाही एवढंच.

शेवटची दोन मिनिटं पुन्हा हलकं रोलिंग, आणि बंद.

जोर किती हे ठरवायला आकड्यांपेक्षा श्वास बरा. रोलर दुखऱ्या जागेवरून जाताना श्वास अडकत असेल, दात आवळले जात असतील किंवा हाताच्या मुठी वळत असतील, तर जोर जास्त आहे. बोलता बोलता वाक्य न तुटता बोलता येईल इतपतच दाब हवा. "दुखलं म्हणजे लागू पडलं" हा समज या खुर्चीच्या बाबतीत सोडा: स्नायूला दाब धोक्याचा वाटला तर तो स्वतःला वाचवायला आणखी आवळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सगळ्यात कमी पायरीवरही जास्त वाटत असेल तर पाठीमागे जाड टॉवेलची घडी किंवा खुर्चीसोबत आलेली गादी लावा.

जागा बदलली की पद्धत बदला

मानेवर कायम सगळ्यात कमी जोर. मानेत टॅपिंग, म्हणजे ठोके, वापरू नका. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबा.

दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या, मधला भाग सगळ्यात जास्त दाद देतो. इथे थ्रीडी रोलर एक पायरी पुढे आणला तरी चालतो. हात छातीवर आडवे घेऊन स्वतःलाच मिठी मारल्यासारखं बसा. फरे बाजूला सरकतात आणि रोलरला आतल्या स्नायूंपर्यंत वाट मिळते. रिमोटवरची कितीतरी बटणं एकीकडे आणि ही एक युक्ती एकीकडे.

कंबरेत मळणं चालेल, जोरदार ठोके नकोत, विशेषतः शेवटच्या बरगड्यांच्या खाली, जिथे मागे मूत्रपिंडं असतात. नितंबांचे स्नायू जाड असतात, तिथे थोडा जास्त दाब सोसतो. पण दाबाने मांडीच्या मागून खाली विजेसारखी कळ गेली तर ती नस आहे, गाठ नव्हे. रोलर तिथून हलवा.

एअरबॅगा, म्हणजे हवेने फुगणाऱ्या पिशव्या, हात, पोटऱ्या आणि खांदे दाबून सोडतात. पाठीशी त्यांचा थेट संबंध कमी, पण पायांवर बरं वाटतं. रक्ताच्या गुठळीची शंका असेल तर पायांच्या एअरबॅगा पूर्ण बंद.

स्ट्रेच प्रोग्रॅमबद्दल मी जरा कडक आहे. त्यात खुर्ची खांदे धरून ठेवते, पाय खाली ओढते आणि पाठ मागे वळवते. साध्या आखडलेल्या पाठीला ते छान वाटतं, पण मणक्यातल्या गादीचा किंवा सायटिकाचा (कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेचा) त्रास असलेल्याने फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय ते बटण दाबू नये. सकाळी उठल्या उठल्या तर कोणीच नाही. रात्रभर पडून राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात (सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच), आणि तेव्हा वाकवण्या-ताणण्याचा भार त्यांच्यावर अधिक येतो. आधी तासभर घरात वावरून घ्या.

उठणं आणि त्यानंतरचा अर्धा तास

खुर्ची सरळ झाल्यावर मिनिटभर तशीच बसा. मागे झुकून पडल्यावर एकदम उभं राहिलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि घेरी येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी जास्त जपावं. पावलं जमिनीवर टेकवा, बैठकीच्या कडेला सरका, हात टेका आणि पायांच्या जोरावर उठा. कंबरेतून वाकून, हिसका देऊन उठू नका.

मग पाच-दहा मिनिटं चाला, हात मोकळे सोडून. चालून झालं की पुढचं करा:

1. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ सावकाश वर गोल करा, मग खाली सोडा. सहा-आठ वेळा, शेवटापर्यंत न ताणता.
2. ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, डोकं वर-खाली न करता. पाच सेकंद धरा. आठ वेळा.
3. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. ओटीपोट किंचित पुढे न्या. मागच्या पायाच्या जांघेत ताण जाणवला पाहिजे, कंबरेत नव्हे. प्रत्येक बाजूला 20 ते 30 सेकंद.
4. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, नितंब आवळत कंबर वर उचला. आठ ते दहा वेळा.

तिसरा आणि चौथा प्रकार गाळू नका. जांघ आखूडच राहिली आणि नितंब सुस्तच राहिले, तर कंबर उद्या पुन्हा त्याच जागी आवळून बसणार.

किती वेळा, आणि थांबायचं कधी

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, दहा ते पंधरा मिनिटं. मानवलं तर रोज एकदा चालेल, पण एका वेळी वीस मिनिटांच्या पुढे जाण्याचं कारण दिसत नाही. रात्री झोपण्यापूर्वी बसणार असाल तर जोर आणि वेग दोन्ही कमी. व्यायामानंतर लगेच बसलात तर नुसतं रोलिंग.

दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकलं, विशेषतः सुरुवातीला, तर चालायचंच. काळेनिळे डाग पडणं किंवा दोन दिवसांनंतरही ठणका राहणं म्हणजे जोर जास्त झाला. चार दिवस सुट्टी घ्या आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

वेदना कुठे सरकते याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पायात जाणारी कळ आखडत आखडत कंबरेपुरती राहिली, तर कंबरेत थोडं जास्त दुखलं तरी ते सहसा चांगलं लक्षण असतं. उलट, आधी फक्त कंबरेत होतं ते आता मांडीत, पोटरीत, पावलात उतरू लागलं, मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर खुर्ची बंद करा आणि तज्ज्ञाला दाखवा. कंबर कमी दुखते म्हणून बरं वाटतंय असं समजण्याची चूक इथेच होते.

रोज तीन गोष्टी लिहून ठेवा: बसण्यापूर्वी पाठ दहापैकी किती दुखत होती, उठल्यावर किती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती. उठल्यावरचा आकडा सहसा खाली येतोच, त्याच्यावर फार विसंबू नका. सकाळचा आकडा आठवड्यागणिक उतरतोय का ते पाहा. तीन-चार आठवड्यांत तो जागचा हलला नाही तर ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि कोणत्या जागी, किती जोर दिल्यावर, किती वेळ आराम पडतो हे त्यांना सांगा. त्यांच्या तपासणीला त्याचा नक्की उपयोग होतो.